घर शोधताना आधी लेकराचा दिवस मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या घरांविषयीच्या पुरवणीत मुलाबाळांसह राहायला पुण्याच्या आसपासची कोणती उपनगरे चांगली, यावरचा लेख वाचला. बाणेर, वाकड, रावेत, खराडी, वाघोली अशी सगळी नावे त्यात आहेत. क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव, मॉलचे अंतर हेही आहे. शाळांच्या वाट्याला एकच ओळ आली आहे : नामांकित शाळा हाकेच्या अंतरावर. अशाच एका ओळीवर विसंबून आम्ही घर घेतले आणि आमच्या मुलीचे एक वर्ष त्यात गेले. मे महिन्यात बदलीची, नव्या नोकरीची शेकडो कुटुंबे सामानाचे टेम्पो घेऊन या शहरात उतरतात. त्यांच्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे. जागा द्यावी, ही विनंती.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही सोलापूर सोडले. माझ्या नवऱ्याला हिंजवडीत नोकरी लागली होती. मुलगी दुसरीत जाणार होती, सासूबाई सोबत होत्या. सोलापुरात मुलीची शाळा गल्लीच्या टोकाला होती. मधल्या सुट्टीत घरी येऊन गरम भाकरी खायची आणि घंटा व्हायच्या आत परत पळायची. शाळा लांब असू शकते, हे आमच्या कधी डोक्यातच आले नव्हते.

पुनावळ्याला दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेतला. पाहायला आलो तो रविवार होता, दुपारचे दोन वाजले होते. एजंटाने गाडीतून शाळेपर्यंत नेले, सात मिनिटे लागली. सोमवारी सकाळी तोच रस्ता वेगळा होता. पुनावळे, ताथवडे, वाकड इथले महामार्गाखालचे अंडरपास ज्यांनी सकाळी पाहिले आहेत, त्यांना जास्त सांगायला नको. शिवाय शाळेची बस सरळ शाळेत जात नाही, ती आठ-नऊ सोसायट्या फिरत जाते. मुलगी सहा पंचविसाला गेटवर उभी राहायची. शाळा साडेसातला भरायची, पावणेदोनला सुटायची आणि ती घरी पोचायची तीनला. रोजचे दोन तास वीस मिनिटे बसमध्ये. सप्टेंबरपर्यंत ती ताटावर बसल्या बसल्या पेंगायला लागली. खेळायला खाली मैत्रिणी होत्या, पण संध्याकाळी तिच्या अंगात जायचे त्राणच उरत नसे. एकदा तिने आजीला विचारले, ‘सोलापूरची शाळा अजून आहे का गं?’ सासूबाईंनी हे मला रात्री सांगितले आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात रडलो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप होत नाही, हेच त्यामागचे कारण होते. आम्हाला फार बरे वाटले. शाळेत जाऊन विचारले, तर बसच्या फेऱ्या मोठ्या वर्गांसोबत बांधलेल्या आहेत, वेळ बदलता येणार नाही, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी घर बदलायचे ठरले.

दुसऱ्या खेपेला आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी शाळा शोधली, मग तिच्याभोवती घर. अडीच-तीन महिने सुट्टीच्या दिवशी, कधी अर्धी रजा टाकून हिंडलो. त्यातून जे उमगले ते सांगते.

शाळा पाहायला प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नये. तेव्हा स्वागतकक्षात फुले असतात आणि स्मार्ट बोर्ड सुरू करून दाखवतात. साध्या मंगळवारी, शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहावे. मुले कशी बाहेर येतात, शिक्षक त्यांना नावाने हाक मारतात का, रिक्षात किती जण कोंबले जातात, हे सगळे तिथे दिसते. घ्यायला आलेल्या आया-आज्या मोकळेपणाने बोलतात. बाई मध्येच सोडून जातात का, किती जण जातात, हे मला तिथेच कळले. एका नावाजलेल्या शाळेत तिसरीच्या एका तुकडीला वर्षात तीन वर्गशिक्षिका झाल्या होत्या. ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले नव्हते.

आत गेल्यावर मी तीन गोष्टी पाहायचे. मुलींचे स्वच्छतागृह, वर्गातली डोकी आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या कडा. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, असे प्रमाण सांगितले आहे. मी पाहिलेल्या कित्येक वर्गांत पंचेचाळीस-पन्नास मुले होती. पुस्तकांच्या कडा नव्याकोऱ्या असतील, तर कपाटाला कुलूप असते, असे समजावे. आम्ही शेवटी जी शाळा निवडली, तिथली पुस्तके चिकटपट्ट्या लावलेली, पाने दुमडलेली होती.

‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दापासून नव्याने येणाऱ्यांनी सावध राहावे. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागावा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. राज्य मंडळाच्या असोत की दुसऱ्या कुठल्या, प्रत्येक मान्य शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, असतो आणि महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो. ती येईपर्यंत बहुतेकांचे पैसे भरून झालेले असतात, म्हणून हा क्रमांक पहिल्याच भेटीत विचारावा. फी वाढवायची तर २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे शाळेला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावे लागते. समितीत कोण आहे आणि बैठका होतात का, हेही विचारायला संकोच वाटू देऊ नये.

ज्यांना आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखीव ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांतून प्रवेश हवा आहे, त्यांना तर घराचा पत्ता हाच आधार. एक किलोमीटर, तीन किलोमीटर अशी अंतरे तिथे मोजली जातात आणि भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. आमच्या इमारतीतल्या एका वॉचमन कुटुंबाकडे साध्या स्टॅम्पपेपरवरचा करार होता, तो चालला नाही. सरकारी शाळा जवळ असेल तर खासगी शाळेत ही सवलत नाही, असे अजून काही जण सांगतात. तशी अधिसूचना फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली होती खरी, पण मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैत रद्द केली. हे वॉचमनच्या बायकोला सांगणारे कोणी नव्हते.

माध्यमाचा प्रश्न मला सर्वांत जास्त सलतो. आम्हाला सेमी इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी विषय मराठीत, हवे होते. आयटी पार्कच्या भोवतालच्या नव्या वस्त्यांत मराठी किंवा सेमी इंग्रजी शाळा शोधता शोधता आमचे पाय दुखले. २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली, हे चांगलेच झाले. पण आठवड्याला किती तास, शिकवायला कोण, हे विचारल्यावर दोन ठिकाणी समोरच्या बाई एकमेकींकडे पाहू लागल्या. महापालिकेच्या शाळा आपण सुशिक्षित म्हणवणारे लोक पाहायलाही जात नाही. मी एका शाळेत गेले. वर्गात चौतीस मुले होती, गुरुजी पाढे टाळ्यांवर घेत होते आणि मुले खुशीत होती. तिथे जागा असती, तर मी मुलीला घातले असते, हे मनापासून लिहिते.

शाळेइतकेच आजूबाजूचेही पाहावे लागते. पुनावळ्याला आम्ही राहत होतो त्याच वर्षी तिथल्या नियोजित कचरा डेपोविरुद्ध रहिवासी रस्त्यावर उतरले. जागा आराखड्यात राखीव होती, पण लाखो रुपयांचे कर्ज काढून घर घेणाऱ्या अनेकांना ते आधी माहीतच नव्हते. पुढे डेपो रद्द झाल्याची घोषणा झाली. पण मी त्या वेळी शिकले ते हे की, घर पसंत पडल्यावर नगररचना विभागात जाऊन विकास आराखड्याचा नकाशा पाहावा. शेजारचा मोकळा प्लॉट शाळेसाठी आहे, मैदानासाठी आहे की आणखी कशासाठी, ते तिथे कळते. नवे बांधकाम असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर मंजूर नकाशे असतातच.

पाण्याचेही तसेच. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. नव्या सोसायट्यांत उरलेली गरज टँकर भागवतो आणि ते पाणी कुठले, हे कोणी छातीठोक सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांचे लक्ष विहिरीच्या पाण्याकडे गेले. २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली, पण गाव हद्दीत आले म्हणून नळाला शुद्ध पाणी लगेच येत नाही. लहान मूल असलेल्या घराने हा प्रश्न शाळेच्या आधी विचारावा, असे मला आता वाटते.

मे २०२४ मध्ये आम्ही निगडी प्राधिकरणात आलो. नवनगर वसवायला नेमलेले हे प्राधिकरण १९७२ चे. रस्ते, बागा, मैदाने, शाळा यांच्या जागा आखून मग वस्ती झालेली. घर जुने आहे, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर इतके लहान की दोघींनी एकदम उभे राहता येत नाही. नवऱ्याचा हिंजवडीचा प्रवास दुपटीने वाढला आणि तो त्याने कुरकुर न करता पत्करला. मुलगी मात्र आजीचे बोट धरून अकरा मिनिटांत शाळेत पोचू लागली. वाटेत एक बाग, एक पिठाची गिरणी आणि एकच रस्ता ओलांडायचा. ऑक्टोबरमध्ये तिने आजीला सांगितले की, उद्यापासून मी मैत्रिणींबरोबर जाईन, तू फक्त कोपऱ्यापर्यंत ये.

आम्हाला दुसऱ्यांदा घर बदलणे परवडले. ज्यांनी कर्ज काढून घर घेतले, त्यांना ते शक्य नसते. म्हणून माझी पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांना मागणी आहे. प्रत्येक प्रभागाचे एक साधे पान मराठीत काढावे : मान्य शाळा कोणत्या, माध्यम कोणते, तुकडीत मुले किती, मैदान आहे का, पाणी किती दिवसांनी आणि कुठून येते, शाळेसाठी राखीव जागांपैकी किती ताब्यात आल्या आणि किती ठिकाणी शाळा उभी राहिली. ही सगळी माहिती त्यांच्याच वेगवेगळ्या विभागांत पडून आहे, एकत्र करायला फार खर्च येणार नाही. आणि आपल्याला विनंती अशी की, घरांच्या जाहिरातींच्या पुरवणीत त्याच भागाचे हे पान जाहिरातीशेजारी छापावे. निदान ‘हाकेच्या अंतरावर’ असे लिहिणाऱ्यांना सकाळी सातला किती मिनिटे लागतात, एवढे तरी विचारावे. एप्रिलच्या आत झाले तर बरे. मे उजाडला की घरे ठरू लागतात.

आपली नियमित वाचक,
एक आई, प्राधिकरण, निगडी