टेस्ट ड्राइव्हला चढ हवा आणि गाडीत चार माणसं हवीत

मा. संपादक यांस,
स. न.

बाराशे सीसीपर्यंतच्या, चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अल्टो, वॅगनआर, टियागो, स्विफ्ट या सगळ्या त्यात बसतात. पाडव्याला नाहीतर दसऱ्याला गाडी दारात उभी करायची म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मंडळी शोरूम पालथी घालतात. रंग, टचस्क्रीन, ॲव्हरेज, सगळं खोदून विचारतात आणि टेस्ट ड्राइव्ह मात्र दहा मिनिटांत उरकतात. शोरूमचा फेराही बहुधा ठरलेला असतो. सपाट, रुंद डांबरी रस्ता, शेजारी सेल्समन, मागची सीट रिकामी आणि एसी आधीच गार केलेला. तशा रस्त्यावर कुठलीही नवी गाडी लोण्यासारखी पळते. पुढे तीच गाडी कपिलेश्वर उड्डाणपुलाच्या चढावर रांगेत अडकणार आहे, जांबोटीच्या पावसात जाणार आहे आणि गळीत हंगामात हुक्केरी-चिकोडीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडणार आहे. त्यातलं काहीच त्या दहा मिनिटांत दिसत नाही.

सगळ्यात आधी माणसांचं बघू. छोट्या हॅचबॅकचं स्वतःचं वजन साधारण साडेसातशे ते नऊशे किलो. त्यात पासष्ट किलोची चार माणसं बसली की अडीचशे किलोंच्या वर भर पडते, म्हणजे गाडीच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. एकटा ग्राहक आणि सेल्समन चालवून बघतात ती गाडी आणि घरची चौघं बसल्यावरची गाडी यांचा पिकअप, ब्रेक आणि गाडीखालची जमिनीपर्यंतची जागा तिन्ही वेगळी. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरचे सगळे न्यावेत. गुडघे दुखणाऱ्या आजीला मागच्या आणि पुढच्या दोन्ही दरवाज्यांनी बसवून-उतरवून बघावं. वॅगनआरसारख्या उंच गाडीत माणूस सरळ बसतो, स्विफ्टसारखीत खाली वाकून बसावं लागतं; हा फरक कागदावर कळत नाही. चालवणाऱ्याने डावा गुडघा मधल्या कन्सोलला घासतो का आणि क्लच सोडल्यावर डावा पाय टेकवायला जागा उरते का, तेही बघावं. सीट वर-खाली करायची सोय खालच्या व्हेरियंटमध्ये बऱ्याचदा नसते. बुटक्या माणसाला त्याचा त्रास रोज होतो.

डेमो गाडी जवळजवळ नेहमी वरच्या व्हेरियंटची असते आणि फसगत इथेच होते. स्विफ्टच्या खालच्या व्हेरियंटना १४ इंची चाकं आहेत, वरच्याला १५ इंची. टायरची रुंदी आणि बाजूची उंची बदलली की खड्ड्यातला धक्का, वळणावरची पकड, स्टिअरिंगचं वजन सगळं थोडं थोडं बदलतं. तेव्हा आपण बुक करणार तोच व्हेरियंट मागावा. नसेल तर टायरचा आकार, मागचा वायपर आणि डिफॉगर (काचेवरचं धुकं घालवणारी सोय) यांतला फरक तिथल्या तिथे विचारून लिहून घ्यावा. खानापूर, कणकुंबी भागातल्या माणसाने मागच्या वायपरवर पैसे वाचवू नयेत; सनरूफ सोडलं तरी चालेल. निघण्याआधी टायरमधली हवाही मोजून घ्यावी. योग्य आकडा चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. हवा कमी असेल तर गाडी खड्ड्यात मऊ वाटते आणि सस्पेन्शनला फुकटचं श्रेय मिळतं. जास्त असेल तर उगाच आदळते.

डेमो गाडी आठ-दहा हजार किलोमीटर फिरलेली असेल तर नाक मुरडू नका. शंभर जणांनी दामटलेल्या त्या गाडीत डॅशबोर्ड किंवा मागचा दरवाजा खडखडत असेल, तर तुमच्या गाडीचा दोन वर्षांनंतरचा आवाज आजच ऐकायला मिळतो. क्लच मात्र त्यावरून जोखू नये. नवख्यांनी अर्धा दाबून वापरलेला क्लच वर लागायला लागतो. तो दोष त्या मॉडेलचा नव्हे.

शक्यतो सकाळी पहिला नंबर लावावा आणि इंजिन आधी चालू करू नका, असं फोनवरच सांगून ठेवावं. थंड इंजिन सेल्फ मारल्यावर लगेच लागतं का आणि सुरुवातीचा चढलेला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) थोड्या वेळात खाली बसतो का, ते बघायचं. अल्टो, टियागो, वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन आणि २०२४ ची नवी स्विफ्ट ही सगळी तीन सिलिंडरची इंजिनं आहेत. उभ्या गाडीत गिअरच्या दांड्याला आणि सीटला थोडी थरथर जाणवणारच. एसी लावा, कॉम्प्रेसर चालू-बंद होताना थरथर किती वाढते ते बघा आणि सोसवते का ते स्वतः ठरवा. सर्व्हिसिंगला नेऊन ती जात नाही.

आता चढ. बेळगावात यासाठी दूर जायला नको. कपिलेश्वर उड्डाणपूल किंवा तिसऱ्या रेल्वे गेटचा पूल संध्याकाळच्या गर्दीत पुरेसा आहे. चढाच्या मध्यावर रांगेत थांबायचं आणि हँडब्रेक न लावता पुढे काढायची. मॅन्युअल गाडीत क्लच कुठे लागतो आणि कमी एक्सलेटरवर इंजिन बंद पडतं का, हे इथेच कळतं. एएमटी घेणाऱ्यांनी तर ही चाचणी चुकवूच नये. एएमटी म्हणजे साध्या गिअरबॉक्सला जोडलेलं, गिअर आपोआप बदलणारं यंत्र. क्लच आत आहेच, फक्त आपल्याऐवजी ते यंत्र दाबतं. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवली जाते, मग मागे सरकते. पुष्कळ जण चढावर एक्सलेटर किंचित दाबून गाडी तोलून धरतात. त्याने क्लच तापतो, जळका वास येतो आणि पुढे क्लच प्लेटचा खर्च निघतो. चढावर थांबायचं तर ब्रेकवर किंवा हँडब्रेकवरच. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एएमटी क्षणभर अडते, मान पुढे जाते. त्या वेळी एक्सलेटर थोडा हलका केला तर झटका कमी होतो. याची सवय होईल की चीड येईल, याचा अंदाज दोन-तीन सिग्नलांत येतो.

पुलापेक्षा मोठा चढ हवा असेल तर काकतीवरून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने वंटमुरी घाटापर्यंत जाऊन हत्तरगी टोलनाक्याच्या अलीकडून परत फिरावं. निपाणीकरांना तवंदी घाट जवळ आहे. चार माणसं, एसी चालू, तिसरा गिअर, वेग चाळीस-पन्नास. गाडी ओढते, की दुसऱ्यात आणावी लागते? मग एसी बंद करून तोच चढ. फरक फार वाटला, तर गोव्याला चोर्ला घाटाने जाताना एसी विसरा. उतारावर इंजिन ब्रेक किती मिळतो, म्हणजे एक्सलेटर सोडल्यावर इंजिनच गाडी किती अडवतं, तेही बघावं. एएमटी मॅन्युअलमध्ये घालून दुसरा-तिसरा गिअर धरून उतरावं, नुसत्या ब्रेकवर नव्हे. सपाट महामार्गावर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये चाळीसवरून ऐंशीवर जायला किती वेळ लागतो, हे बाजूच्याला मोजायला सांगा. नोव्हेंबरनंतर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडताना उपयोगी पडतो तो हाच आकडा. शून्य ते शंभरचा जाहिरातीतला आकडा इथे काही कामाचा नाही. ऐंशीच्या वर गेल्यावर ठरावीक अंतराने बीप वाजतो, एकशे वीसच्या वर सतत वाजतो. २०१९ पासून तो सक्तीचा आहे. बिघाड समजून सेल्समनशी वाद घालू नये.

ब्रेकसाठी रिकामा सरळ रस्ता शोधावा, आरशात मागे बघावं, सोबतच्यांना सांगावं आणि चाळीसच्या वेगावर ब्रेक एकदम जोरात दाबून धरावा. पायाखाली कडकड थरथर जाणवली तर ते एबीएसचं, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, काम चालू आहे. पाय उचलू नये. गाडी एका बाजूला ओढली गेली तर आधी हवा तपासा, मग अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आहेत का). गतिरोधकांवर गाडी भरलेलीच न्या. आपल्याकडच्या गावांत प्रत्येक हम्प वेगळ्या उंचीचा आणि ग्राउंड क्लिअरन्सचा छापील आकडा बहुतेकदा रिकाम्या गाडीचा. मागे तिघं बसल्यावर घासली, तर रोजच घासणार. शहापूर, वडगावच्या गल्लीत राहणाऱ्याने तर गाडी स्वतःच्या दारापर्यंत न्यायचा आग्रह धरावा. एका वेळी वळते की पुढे-मागे करावं लागतं, हे तिथेच ठरेल.

रात्रीची टेस्ट ड्राइव्ह कोणी मागत नाही, पण मागावी. लो बीमवर किती अंतर दिसतं आणि साइडपट्टी नसलेल्या रस्त्याची कड दिसते का? रिफ्लेक्टर नसलेली बैलगाडी किंवा ट्रॉली ज्या रस्त्यांवर भेटते, तिथे दिवे हे सहाव्या एअरबॅगइतकेच महत्त्वाचे.

सीएनजी घेणाऱ्यांनी सीएनजीवरच चालवून बघावं. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर सुमारे ६७ अश्वशक्ती देतं, सीएनजीवर ५७. चढावर हे दहा घोडे लगेच आठवतात. डिकी उघडून बघा, एक मोठा सिलिंडर डिकी खातो. टियागोमध्ये दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवल्याने बॅगेपुरती जागा उरते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्च हिशेबात धरावा.

कोल्हापुरात गाडी स्वस्त पडते, हा सीमाभागातला नेहमीचा विषय. पाच ते दहा लाखांच्या गाडीला कर्नाटकात १४ टक्के आजीवन कर आणि वर उपकर; महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे नोंदणी राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणी, जिथे गाडी ठेवली जाते त्या राज्यातली हवी. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहिली तर नोंदणी बदलावी लागते, म्हणजे इथला कर आलाच. टेस्ट ड्राइव्ह कोल्हापुरात खुशाल करा. एमएच-०९ ची पाटी लावून बेळगावात कायमची गाडी ठेवायचा बेत असेल तर हा हिशेब आधी मांडा.

राहता राहिली कागदपत्रं. स्वतःचं पक्कं लायसन्स मूळ प्रत किंवा डिजिलॉकरवर हवं; शिकाऊ लायसन्सवर टेस्ट ड्राइव्ह मागू नये. डेमो गाडीचा विमा चालू आहे का, ते विचारावं. सही करायच्या कागदावर अपघाताचं नुकसान ग्राहकाने भरायची अट असू शकते, तो वाचल्याशिवाय किल्ली घेऊ नये.

शोरूमचालकांना आपल्या पत्रामार्फत एक विनंती. एक चढ, एक खराब रस्ता आणि महामार्गाचा एक तुकडा असलेला पाऊण तासाचा फेरा ठरवून तो दाराशी फलकावर मराठी-कन्नडमध्ये लावावा, आणि संध्याकाळी सातनंतरची एक वेळ राखून ठेवावी. जो शोरूम एवढंही द्यायला कां कूं करतो, तिथे बुकिंगचे पैसे भरायची घाई करू नये; तीच गाडी दुसऱ्या शोरूममध्ये मिळते.

आपला,
एक गॅरेजचालक, उद्यमबाग, बेळगाव