आप्पाच्या रिपोर्टनंतर

खानापूर

चि. निखिल, अनेक आशीर्वाद.

आप्पाला काल बेळगावहून घरी आणलं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट घातलेत. हिंडतोय-फिरतोय, तुझी चौकशी करत होता. परवा फोनवर "बाबा, मी रोज पळतो, मला काय होतंय" म्हणून तू विषय तोडलास, म्हणून लिहायला बसलो. फार ताणत नाही.

आपल्या घरात पुरुष टिकत नाहीत, असं गावात म्हणतात. आजोबा रोप लावताना चिखलातच बसले ते उठले नाहीत, तेव्हा आप्पा पाळण्यात होता. अंगावर मांस नव्हतं रे त्यांच्या. नाचणीची भाकरी खाऊन दिवसभर शेतात राबणारा माणूस. थोरले काकाही तसेच गेले. आजीनं देवीला किती नवस केले, उपास केले.

आता डॉक्टरांनी आमच्या सगळ्यांचं रक्त तपासायला लावलं. आप्पाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २५१, माझं २३४, आणि पिंकीचं, एवढीशी पोर ती, २१८. १९०च्या वर गेलं की घराण्यातला दोष आहे का ते बघतात म्हणे. बहुतेकदा तो १९व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल धरून आत ओढणारे यकृताच्या पेशींवरचे ग्राही त्यामुळे निम्मेच काम करतात, आणि ते कोलेस्टेरॉल जन्मापासून रक्तवाहिन्यांत साचत जातं. पळणाऱ्याच्याही. अडीचशे माणसांत साधारण एकाला हा दोष असतो. ब्राऊन आणि गोल्डस्टाईन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५चं नोबेल मिळालं ते याच ग्राहींच्या शोधाबद्दल. देवीचा कोप नव्हता तो, हे आजीला सांगायला हवं होतं कुणीतरी.

माझ्याकडे त्या जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. तुझ्या वाट्याला कुठली आली, ते काटा-छापा. ताईचं रक्त चांगलं निघालं म्हणून तुझंही निघेल असं नाही. दर मुलाला नाणं नव्यानं उडतं. म्हणून म्हणतो, तपासून घे.

तू पुण्यात एकवीस किलोमीटर पळालास, तो फोटो आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. मीही दाखवतो. पण सिगरेट ओढत असशील तर ती आजच्या आज बंद. हॉटेलचं जेवण, रात्रीची जागरणं... बघ, मास्तर सुटला. रागावू नकोस. शिकवायच्या वयाचा तू राहिला नाहीस.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. गणपतीत तू न्हाणीपाशी पाय धूत होतास, तेव्हा तुझ्या टाचेमागची शीर मला जाड वाटली. आजोबांची तशीच होती, चपलेचा पट्टा घासून तिथं कायम घट्टा पडलेला. या दोषात तिथंही कोलेस्टेरॉल साचतं, म्हणून डॉक्टरांनी आप्पाची टाच चिमटीत धरून बघितली आणि मला तुझी आठवली. तेव्हापासून झोप नाही. कदाचित पळण्यामुळंही असेल. तपासल्याशिवाय कसं कळणार?

निघालंच काही, तर गोळी आहे. यकृताला जास्त ग्राही करायला लावते, मीही रोज रात्री घेतो. लवकर सुरू केली तर माणूस सगळ्यांसारखा जगतो. आजोबांच्या वेळी ती नव्हती. आणि तुझं जास्त निघालं तर छोटीचंही रक्त बघावं लागेल, हे सूनबाईला नीट समजावून सांग, घाबरवू नकोस.

या शनिवारी जा. उपाशीपोटीच जायला हवं असंही नाही. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर पाठव, आईच्या नको.

तुझा,
बाबा