दिग्या, क्लच प्लेटला हात लावण्याआधी

प्रिय दिग्या,

तीन महिने तुला उत्तर नाही. शिव्या घातल्या असशील. पोचल्या, ही पावती समज. इकडे सगळं बरं. आईचा गुडघा तसाच, माझी पाठ तशीच. बंड्या पुन्हा पोहायला जायला लागलाय, म्हणजे आठवडाभर जाईल.

आज लगेच लिहायला बसलो ते तुझ्या शेवटच्या दोन ओळींमुळे. ‘बाईकचा क्लच फार जड झालाय, मनगट भरून येतं, आता प्लेटच बदलून टाकतो.’ अरे, थांब! झिजलेल्या प्लेटने लिव्हर जड होत नाही. प्लेट झिजली की क्लच घसरतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही. तुझी तशी काही तक्रार नाही. उलट तू सहज लिहून गेलास की सोडल्यावर लिव्हर ‘आळसावल्यासारखा’ परत येतो. दुखणं तिथेच आहे. नुसती स्प्रिंग जड असती, तर ओढायला जोर लागला असता, पण सोडताच लिव्हर ताडकन मागे आला असता. घर्षण मात्र जाताना आणि येताना, दोन्ही वेळा आडवं येतं. म्हणून माझा पहिला संशय क्लचच्या वायरवर, म्हणजे लिव्हरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या पिळाच्या तारेवर.

गाडी बंद, इंजिन थंड. आधी इंजिनाकडचा अ‍ॅडजस्टर (वायरची ढिलाई ठरवणारा स्क्रू) ढिला कर. एक नट धरायचा, दुसरा फिरवायचा. बहुतेक दहाचा नाहीतर बाराचा पाना लागतो. (दहाचा तुझ्याकडेच आहे. माझाच तो. त्यावर आज भांडत नाही.) मग हँडलकडचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरव आणि त्याची, त्याला जागी धरणाऱ्या लॉकनटची आणि ब्रॅकेटची खाच एका रेषेत आण. आऊटर (वायरचं बाहेरचं आवरण) बाहेर ओढ, वायर खाचेतून सरकव, निपल (वायरच्या टोकाची धातूची गोळी) लिव्हरमधून निसटेल. पक्कड घ्यावीशी वाटली, तर समज की खाली पुरेसं ढिलं केलेलं नाहीस. खालचं टोकही इंजिनाच्या आर्ममधून, म्हणजे वायर ज्याला ओढते त्या पट्टीतून, सोडव.

आता लिव्हर, वायर आणि आर्म, तिघांना वेगवेगळं हलवून बघ. नुसता लिव्हर एका बोटाने हलला पाहिजे. नाही हलला, तर त्याचा बोल्ट काढ, भोक आणि बुश रॉकेलने पूस, वाळव, ग्रीसचा पातळ हात दे. परत लावताना बोल्ट आवळून लिव्हर चिमटायचा नाही. बोल्ट बसवून लिव्हर मोकळा आहे ना ते बघायचं आणि खालच्या नटाने तो तसाच धरून ठेवायचा. तिथे क्लचचा छोटा स्विच असतो, त्याची पिन मोडू नकोस. तुझा हात मला माहीत आहे.

मग वायर. निपल चिमटीत धरून मागेपुढे कर. दोन बोटांनी सुळकन सरकली पाहिजे. खरखर लागली, अडकली, तर चोर सापडला. आणि वायरही मोकळी, लिव्हरही मोकळा असेल, तर इंजिनावरचा आर्म हाताने हलव. आधी थोडा मोकळा फिरतो, मग स्प्रिंगचा जोर लागतो. मोकळं फिरतानाच तो कुरकुरला, तर आर्मचा दांडा गंजलाय आणि मग वायरला कितीही तेल पाजून उपयोग नाही.

पण दिग्या, मला खरी काळजी वेगळीच आहे. ‘ओढताना मध्येच खुट्ट लागतं,’ असंही तू लिहिलंयस, आणि ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. चांगल्या उजेडात जा आणि लिव्हरकडच्या निपलच्या मुळाशी, पहिल्या दोन सेंटीमीटरमध्ये, वायर जरा वाकवून बघ. पीळ सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. एखादा बारीक काटा बाहेर आलेला दिसला, किंवा फडकं फिरवताना धागा अडकला, तर तार तुटली आहे. (बोटाने चाचपू नकोस, सुईसारखी घुसते.) एक तार तुटली की तिचा भार बाकीच्यांवर येतो आणि तुटलेलं टोक आऊटरच्या आतून खरडत जातं. ते खुट्ट बहुधा तेच. असं असेल तर तेलबिल काही नाही, वायर बदलायची आणि तोवर गाडी उभी. ‘दोन दिवस चालेल’ हे तुझं ठरलेलं वाक्य मी आधीच ऐकलंय असं समज.

तार तिथेच का तुटते? निपल लिव्हरच्या भोकात फिरायला हवा. तो सुका पडला, गंजला, की फिरत नाही. मग दर वेळी वायरच त्या एका जागी वाकते. घडी घालघालून पत्रा मोडतो ना, तसंच. म्हणून निपलला ग्रीस.

निपलला म्हटलं, वायरच्या आत नव्हे! ग्रीसवरून आपलं जे झालं ते अख्ख्या ग्रूपला पाठ आहे, पण मी अजून तेच म्हणतो. घट्ट ग्रीस आऊटरमध्ये टोकापर्यंत पोचत नाही, थंडीत आणखी घट्ट होतं आणि धूळ धरतं. मात्र एक कबूल करतो. आत नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या वायरला तेल पाजत बसायची गरज नसते, हे तू म्हणाला होतास आणि ते बरोबर होतं. त्यात फारतर केबलसाठीचा हलका स्प्रे. बिनअस्तराच्या जुन्या वायरला मात्र तेल हवंच. डब्ल्यूडी-४० पाणी आणि गंजाचा गाळ बाहेर काढायला बरा, पण वंगण म्हणून टिकत नाही. त्याच्यामागून तेल घालावंच लागतं. चेनचा चिकट स्प्रे तर नकोच.

तुझी वायर जुनीच आहे, म्हणून पिशवीची पद्धत सांगतो. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीचा एक कोपरा कात्रीने किंचित काप, त्यातून आऊटरचं वरचं टोक आत घे आणि चिकटपट्टीने गच्च गुंडाळ. झालं नरसाळं. वायर उभी टांग, पिशवीत दोन चमचे पातळ इंजिन ऑइल ओत, खाली वाटी ठेव. दर थोड्या वेळाने इनर (आतली तार) वरखाली कर, नाहीतर तेल वरच बसून राहतं. रात्रभर राहू दे. पहिले थेंब तपकिरी येतील, बारीक गंजाच्या कणांसकट. स्वच्छ तेल ठिबकेपर्यंत चालू ठेव. घाई असेल तर दोन स्क्रूंची रबरी चिमटी मिळते, तिच्या भोकात स्प्रेची नळी घालून दाबायचं. पण अर्धा स्प्रे तोंडावर येतो, तेव्हा चष्मा लाव.

एवढं करूनही बाहेर मोकळी असलेली वायर गाडीवर चढवल्यावर जड झाली, तर दोष वाटेचा. हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे फिरवून बघ, कुठे चिमटतेय, कुठे काटकोनात वळलीय. तिच्यावर आवळलेली प्लास्टिकची पट्टीही तिला जड करायला पुरते. नवी वायर घ्यावी लागली, तर जुनी काढण्याआधी तिच्या वाटेचा फोटो काढ आणि आऊटरची लांबी, बाहेरची उघडी इनर, दोन्ही जुनीशी जुळवून बघ.

शेवटी ढिलाई. वरचा अ‍ॅडजस्टर जवळजवळ आतच ठेवून मोठा फरक खाली काढायचा, मग वरून बारीक. बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळी हालचाल लागते. तुझ्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघ. कमी ठेवलीस तर क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो, आणि मग खरोखरच प्लेट बदलाव्या लागतील. जास्त झाली तर गिअर खडखडून पडेल, न्यूट्रल सापडणार नाही. हँडल दोन्हीकडे फिरवून हालचाल तेवढीच राहते ना, तेही बघ. नवी वायर असेल तर थोडं चालवल्यावर पुन्हा तपास, ती जरा बसते.

वहिनींची बदली झाली का? छोटीचे दात आले म्हणे, फोटो पाठव. नोकरीचं सविस्तर पुढच्या पत्रात विचारतो. आधी त्या निपलच्या मुळाचा फोटो पाठव, जवळून, उजेडात.

तुझा,
सुन्या

ता.क. सगळं झाल्यावर वरच्या खाचा एका रेषेत सोडू नकोस. वायर निसटू शकते, आणि खाच वर तोंड करून राहिली तर पावसाचं पाणी सरळ आऊटरमध्ये. अ‍ॅडजस्टर आणि लॉकनट जरा फिरवून खाचा खाली वळव आणि तिथला रबरी बूट (वायरच्या टोकावरचं टोपण) फाटला असेल तर बदल.