आधी बस, मग ब्रश उचल

प्रिय भावा,

तुझा व्हॉइस मेसेज ट्रेनमध्ये ऐकला, अर्धा अंधेरीच्या गर्दीत गेला पण तुझा मुद्दा कळला, की आता वेळ आहे, कागद आहे, आणि चित्र काढायला समोर बसलास की सगळं सपाट दिसतं, हात सवयीने तेच झाड तेच घर काढून मोकळा होतो. मी मागे चित्राआधी ध्यानाला बस म्हणालो ते तुला जरा बुवाबाजी टाइप वाटलं. वाटू दे. ते बासरी लावून, मेणबत्त्या पेटवून मंडला रंगवायचे वीकेंड वर्कशॉप असतात ना, त्यांच्याबद्दल माझं पण तेच मत आहे. मन शांत होत असेल, पण नजर त्याने तयार होत नाही, आणि माझा सगळा इंटरेस्ट नजरेत आहे.

कसं आहे, आपण बघत नाही, ओळखतो आणि पुढे जातो. दादरच्या ब्रिजवर सकाळी नऊला प्रत्येकाकडे नीट बघत बसलो तर ऑफिस कधी गाठणार, म्हणून मेंदूची ही सवय बरीच आहे, फक्त चित्र काढताना ती आडवी येते. महालक्ष्मीच्या ब्रिजवरून धोबीघाट बघ एकदा. वाळत घातलेल्या चादरी पांढऱ्या, बरोबर? उन्हातली पिवळट असते, सावलीतली चक्क निळसर-जांभळी, लाल कपड्याशेजारची किंचित गुलाबी, पण मेंदू सरसकट सगळ्यांना पांढरं ठरवून टाकतो. याला कलर कॉन्स्टन्सी म्हणतात, उजेड बदलला तरी वस्तूचा रंग तोच वाटावा म्हणून मेंदू आतल्या आत हिशोब करत असतो. आणि मग तू सावलीत पेन्स ग्रे, म्हणजे तो तयार करडा रंग, फासतोस आणि चादर धुतलेली असून मळकी दिसते. अजून एक गंमत, हात लांब करून अंगठ्याचं नख बघ, डोळ्याला एका वेळी खरंच बारीक दिसतो तो भाग साधारण तेवढाच, बाकीचं धूसर असतं, डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत राहतो आणि मेंदू भरीव चित्र जुळवून देतो. म्हणजे 'मी सगळं बघितलं' हे बऱ्यापैकी अंदाजपंचे असतं!

विपश्यनेच्या 10 दिवसांच्या कोर्समध्ये पहिले तीन दिवस फक्त आनापान असतं, श्वास येतो-जातो तो बघायचा, बदलायचा नाही, आणि हळूहळू जागा लहान करत नाकाखाली आणि वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा पट्टीवर लक्ष आणायचं. वही-पेन पण जवळ ठेवू देत नाहीत. मी इगतपुरीला बसलो तेव्हा आधी वैताग आला, पाय दुखले, पण मग त्या पट्टीवर इतकं काय काय चाललेलं असतं ते कळायला लागलं, मुंग्या, गार-गरम, खाज, आणि हे सगळं रोजच होत असणार. तेच डोळ्यांनी करायचं, एवढाच माझा फंडा.

तर मी असं करतो. दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून श्वास. मग डोळे उघडून एकच वस्तू घ्यायची, कुकरचं झाकण चालेल, आणि पेन्सिलला हात न लावता नुसतं बघायचं, मनात 'झाकण' आलं की परत कडेकडे यायचं. मग ब्लाइंड काँटूर, म्हणजे डोळे वस्तूवर, कागदाकडे बघायचं नाही, रेषा मुंगीच्या चालीने. चित्र भयाण येतं. येऊ दे, कोणाला दाखवायचंय? रंगासाठी पोस्टकार्डाला पंचिंग मशीनने भोक पाड आणि त्यातून बघ, भोकातून चादर दिसत नाही, नुसता रंगाचा ठिपका दिसतो, त्याला नावच देता येत नाही. आणि उजेड-सावली ठरवताना डोळे किलकिले कर, बारकावे गळून पडतात, तीन-चार टोनच उरतात.

मला याचा सगळ्यात जास्त उपयोग कान्हेरीला झाला. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शंभराहून जास्त लेणी आहेत, भिक्षूंनी ध्यानाला बसायच्या छोट्या खोल्या, दगडातच कोरलेले ओटे, पाण्याच्या पोढ्या, म्हणजे कोरलेली टाकी. दगड काळा, असं आपण शाळेपासून धरून चालतो. एका खोलीच्या दारात बसून राहिलो तर ऊन जमिनीवर पडून उलटं छतावर जात होतं, त्यामुळे दाराजवळचं छत गरम तपकिरी, मधली भिंत हिरवट, आणि कोपऱ्यात जिथे मी डोळे झाकून काळा लावला असता तिथे गर्द निळसर काहीतरी. बर्न्ट सिएना हा तपकिरी आणि अल्ट्रामरीन हा निळा, दोनच रंगांत सगळं निघालं, काळ्याची ट्यूब उघडलीच नाही.

हे माझं डोकं नाही बरं का. चित्रकार एस. एच. रझांची गोष्ट तुला माहीत असेल, लहानपणी मन भरकटायचं म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं, आणि पुढे पॅरिसमध्ये कितीतरी वर्षांनी तोच बिंदू त्यांच्या कॅनव्हासवर आला. चित्रकार गायतोंडे आपल्या जेजे आर्ट स्कूलचे, 1948 चा डिप्लोमा, झेनकडे, म्हणजे बौद्धांच्या ध्यानपंथाकडे ओढा, कॅनव्हास मोजकेच करायचे, रोलर आणि नाइफने रंगाचे थर लावायचे आणि खरवडायचे. त्यांच्या चित्रासमोर दोन मिनिटात काही होत नाही, बेंचवर बसावं लागतं.

फक्त एक, ध्यानाने ड्रॉइंग येत नाही हां. प्रपोर्शन चुकलं तर चुकलंच, त्याला रोज स्केचिंगच लागतं. आणि वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, ओला असताना बुद्धासारखं बसून राहू नकोस, मुंबईच्या दमटपणात तो उशिरा वाळतो खरं, पण वाळतोच, तेव्हा पटकन ठरवावं लागतं.

रविवारी सकाळी लवकर येतोस का, पार्क सोमवारी बंद असतं म्हणून सोमवारची सुट्टी टाकू नकोस. गेटपासून आत बस मिळते, पाणी भरपूर घे, माकडं आहेत तेव्हा डबा बॅगेतच ठेव. कागद जाड, 300 जीएसएमचा आण, माझ्याकडचा संपलाय, रंग माझे वापरू. वहिनींना सांग दुपारी जेवायला परत येतो.

तुझाच