उलटी ओढणी आणि माझी रिबन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीतला, टाइपरायटरच्या अक्षरांचे फोटो छापलेल्या ओढणीवरचा लेख काल वाचला. (शनिवारची पुरवणी परभणीत रविवारी हाती पडते, ते असो.) फोटो झकास आहेत. पण ‘अडगळीतून उचललेलं यंत्र’ असं ज्याला म्हटलंय, ते यंत्र माझं आहे आणि ते अडगळीत नव्हतं. पुढच्या खोलीत टेबलावर झाकण घालून असतं. दर दिवाळीला त्याला शिलाई मशीनचं तेल पडतं.

जिंतूर रोडवर २७ वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. मिनिटाला मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०. परीक्षेला टेम्पोत गोणपाटं अंथरून मशिनं केंद्रावर न्यायची, पोरं हादरा बसू नये म्हणून ती मांडीशी धरून बसायची. त्यातली किती तरी लेकरं तहसीलला, कोर्टात, झेडपीत लागली. शेवटी एकच गोदरेजचं मशीन ठेवलं, बाकीची भंगारात घालताना दोन दिवस जेवण गेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात फॅशन डिझाइन शिकणारी दोन पोरं आली. चहा झाला. मोबाइल घेऊन मशीनभोवती प्रदक्षिणा घातल्यासारखे दोनेकशे फोटो काढले. म्हणाले, काका, यातून कॉम्प्युटरवर अख्खं मशीन उभं राहतं. राहत असेल. शाईची रिबन फोटोच्या आड येते म्हणून काढली. ती काढली ती नेलीच.

आता त्या पोरांनी केलेली ओढणी. लेखिका लिहितात, त्यावरची लिपी ‘गूढ’ आहे. अहो, गूढ कसली, उलटी आहे! पुरवणी आरशासमोर धरा. कागदावर आपटणाऱ्या दांड्यांच्या टोकावर अक्षर उलटंच असतं, म्हणून तर कागदावर सुलट उमटतं. पोरांनी फोटो त्या टोकांचे काढले आणि तसेच छापले. माझा पुतण्या कॉफीचे मग आणि टीशर्ट यांवर छपाई करतो. त्याने सांगितलं, लेखात लिहिलेल्या सब्लिमेशन छपाईतही हीच गंमत असते. आधी खास कागदावर उलटं छापायचं, मग गरम प्रेसखाली कापडावर दाबायचं, की सुलट येतं. म्हणजे पोरं कागदावर उलटवायला विसरली असती, तर ओढणी आपोआप सुलट आली असती! नेमकं तेवढं काम त्यांनी चोख केलं.

आणखी एक. ‘तुटलेली अक्षरं म्हणजे विस्मरणाचं प्रतीक’. बाईसाहेब, ती तुटलेली नाहीत. श, ण, भ ही अक्षरं मशीनवर अर्धीच असतात, शेजारी काना मारला की पुरी होतात. पहिल्या आठवड्यात पोरं काना विसरायची आणि माझ्याकडून पट्टी खायची, एवढंच ते विस्मरण.

‘हातमागाची आठवण करून देणारा पोत’ हेही वाचलं. पुतण्या म्हणतो, सब्लिमेशनचा रंग पॉलिस्टरवरच धरतो, निव्वळ सुती कापडावर धरत नाही. पैठण आमच्यापासून लांब नाही. खरी पैठणी उलटून पाहिली तर काठपदर दोन्हीकडून सारखेच. या ओढणीची मागची बाजू फोटोत एका ठिकाणी दिसते. पांढरी फटक.

पोरांवर राग नाही. जुन्या वस्तूकडे कुणी वळून पाहतंय, हे बरंच आहे. निदान छापण्याआधी ज्याची वस्तू त्याला एक फोन करायचा. लेख लिहिणाऱ्यांनीही करायचा.

हे पत्र टाइप करून पाठवणार होतो. रिबन नाही म्हणून हाताने लिहिलंय, अक्षर लागलं नाही तर क्षमस्व. काळी-लाल, दोन्ही चकत्यांसकट होती. परभणीत कुठेच मिळत नाही. कुणी ती आपल्या कार्यालयात आणून दिली, तर कृपया कुरिअर करावी. खर्च मी देईन.

आपला,
एक जुना टायपिंग मास्तर, परभणी

ता. क. : त्याच लेखात टाइपरायटर, टाईपरायटर आणि टाइपराइटर असे तीन अवतार आहेत. आमच्याकडे असा कागद नापास व्हायचा.