काका, माझ्या मस्टँगच्या मागच्या लोअर आर्मसाठी मनापासून थँक्यू

काका, साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घेणार का" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच काढतोय. आणि उघड लिहितोय कारण इथे मिशिगनमध्ये आपल्यातल्या काही जणांकडे २००५ ते २०१४ मधली मस्टँग आहे, त्यातल्या कुणाला तरी तुम्ही मला शिकवलं त्यातलं थोडं मिळावं असं फार वाटतं.

माझी २००८ ची जीटी, ४.६ लिटर व्ही-८, पाच गिअरची मॅन्युअल. आधीच्या मालकाने स्प्रिंग बदलून खाली बसवलेली. पहिल्या गिअरमध्ये जरा जोरात निघालो की मागून धाड धाड धाड, डिकीत कुणी हातोडा मारतंय असं वाटायचं, आणि वळणावर खड्डा लागला की मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा व्हायचा. एका शॉपमध्ये शॉक बदला म्हणाले, बदलले, फरक शून्य. मग मी स्वतःच वाचून ठरवलं की मागचे लोअर कंट्रोल आर्म, म्हणजे मागची चाकं बॉडीला जोडणारे खालचे दांडे, बदलायचे, आणि मस्त लाल रंगाचे, लांबी कमीजास्त करता येणारे, दोन्ही टोकांना पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या गाद्या, असलेले आर्म निवडून ठेवले. मागच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत तुम्हाला त्याचा फोटो दाखवला. तुम्ही फोटोकडे नीट बघितलंपण नाही, एवढंच विचारलंत, "गाडीखाली जाऊन बघितलंस का?"

नव्हतं बघितलं.

पुढच्याच रविवारी तुम्ही आलात, सत्तरीच्या पुढचं वय, आणि मी काही म्हणायच्या आत पुठ्ठा अंथरून गाडीखाली. गाडी रॅम्पवर, चाकं जमिनीवर असल्यासारखी टेकलेली, कारण चाकं हवेत लटकलेल्या गाडीत आर्मचा खरा कोन दिसतच नाही हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. टॉर्च मारून दाखवलंत, बॉडीकडच्या बुशचं रबर फाटून, बोल्ट जातो त्या आतल्या नळीपासून सुटलेलं. आणि दुसरी गोष्ट, जी मला कधीच दिसली नसती, ती म्हणजे आर्मचं पुढचं टोक मागच्यापेक्षा खाली होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या मस्टँगला मागे सरळ अखंड अॅक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्याला. त्याला पुढेमागे धरून ठेवायला खाली दोन आर्म, वर मधोमध एक, आणि आडवं सरकू नये म्हणून एक पॅनहार्ड बार. टायर गाडीला पुढे ढकलतो तो जोर मुख्यतः या खालच्या दोन आर्ममधूनच बॉडीत जातो. आता आर्मचं पुढचं टोक वर असेल तर तो जोर बॉडीला थोडं उचलतो आणि टायरला रस्त्यावर दाबतो. गाडी खाली बसवली की बॉडीकडचं टोक खाली येतं आणि नेमकं उलटं होतं, अॅक्सल वर उचलला जातो, टायर हलका पडतो, घसरतो, परत पकडतो, परत घसरतो, त्यात फाटलेला बुश प्रत्येक वेळी पिळला जाऊन सुटतो, आणि तीच ती धाडधाड. म्हणजे नुसते आर्म बदलून अर्धंच काम झालं असतं. अॅक्सलवरची आर्मची जागा खाली घेणारे रिलोकेशन ब्रॅकेट पण लागणार होते. माझ्या यादीत ते नव्हतेच.

आणि मग लाटणं! तुमच्या स्वयंपाकघरात काकूंकडून मागून घेतलंत, एक टोक माझ्या मुठीत, एक तुमच्या. "घट्ट धर." तुम्ही मूठ पिळलीत तशी माझी मूठपण पिळली गेली, मनगट दुखलं. मग म्हणालात, "आता तू घट्टच धर, मी दोन बोटांत सैल धरतो." तुमचा हात हवा तसा वाकडातिकडा झाला, माझ्या मुठीला काही कळलंसुद्धा नाही. एक चाक उंचवट्यावर गेलं की अॅक्सल तिरका होतो आणि आर्मला पीळ बसतो. मूळचं रबर मऊ असतं, तो पीळ खाऊन टाकतं. पॉली कडक. दोन्ही टोकांना पॉली लावलं की पीळ जायला जागाच नाही, मागचं सस्पेन्शन अडतं, वळणात गाडी अचानक सुटायची भीती. दोन्हीकडे गोल बॉल जॉइंट (सगळ्या दिशांना फिरणारा धातूचा सांधा) लावले तर अडत नाही पण रस्त्याचा सगळा खडखडाट आत. म्हणून बॉडीकडे पॉली आणि अॅक्सलकडे बॉल जॉइंट. मी हे इंग्रजीत किती ठिकाणी वाचलं होतं, काका, पण डोक्यात शिरलं ते त्या लाटण्याने.

लांबी बदलता येणारे आर्म पण तुम्ही नको म्हणालात. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या ठेवता आल्या नाहीत तर अॅक्सल तिरपा बसतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. आपल्याला लांबी बदलायची गरजच नाही, मग ती सोय कशाला विकत घ्यायची. किती पैसे वाचले ते सांगत नाही, पण त्यातच ब्रॅकेट आले.

बसवायचा दिवस मात्र सोपा नव्हता. इथलं हिवाळ्यातलं मीठ. आठवडाभर रोज बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारलं होतं तरी डावीकडचा पुढचा बोल्ट आतल्या नळीत असा गच्च धरलेला की नट निघाला पण बोल्ट हलेना. मी वैतागून घण शोधायला लागलो. तुम्ही शांतपणे म्हणालात की जुना आर्म टाकायचाच आहे, बोल्टपण नवीन आणलेत, मग कुणाला वाचवतोयस, काप. रेसिप्रोकेटिंग सॉने दोन्ही बाजूंनी कापला, दोन ब्लेड गेली, आर्म हातात आला. नवीन बोल्ट बसवताना अँटी-सीझ, म्हणजे गंजून चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट, फक्त गुळगुळीत भागाला, आट्यांना अजिबात नाही, नाहीतर टॉर्क रेंच (आवळायचा जोर मोजणारा पाना) सांगेल तेवढंच आवळूनपण बोल्ट जास्त ताणला जातो. हे तुम्ही दोनदा सांगितलंत.

एका वेळी एकच बाजू सोडायची, हे पण. दुसरी बाजू करताना डिफरन्शियलच्या (अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याच्या) नाकाखाली जॅक लावून तुम्ही दोन-चार मिलिमीटर वर घेतलंत आणि भोक समोर आलं, बोल्ट बोटाने आत गेला. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होतं ना, तसं बघायला मिळावं म्हणून मी अजून दहा आर्म बदलीन. उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर शिकलेला हात आहे हा, असं काकू म्हणाल्या ते पटलं.

शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच. मला घाई होती, अंधार पडत होता, मी म्हणालो लटकतच आवळू की. तुम्ही पाना खाली ठेवलात आणि थांबलात. वरच्या आर्मचा बोल्टपण आपण सैल केला होता आणि त्यात रबर आहे, लटकत आवळलं तर गाडी खाली आल्यावर ते कायम पिळलेलं राहणार आणि वर्षभरात फाटणार. परत रॅम्पवर चढवली. साडेनऊ वाजले. काकूंनी पाठवलेली थालीपिठं आपण ग्रीसच्या हातांनी कागदात धरून खाल्ली.

पूर्ण हिवाळा गेला. शंभर मैलांनी तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे बोल्ट परत तपासले, पॉलीला ग्रीस दिलं, थंडीत थोडं चुरचुरलं मग बंद झालं. केबिनमध्ये मागून बारीक गुणगुण वाढलीये, ती मला मान्य आहे. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझला, हौशी गाड्यांच्या त्या मोठ्या मेळाव्याला, गेलो, त्याआधी सकाळी मोकळ्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये जोरात निघालो. मागून काहीच आवाज नाही. गाडी फक्त बसली आणि गेली. मी कडेला थांबवली आणि तुम्हाला फोन केला, आठवतंय? माझ्या तोंडून शब्द फुटेना, तुम्ही म्हणालात, "हं, आता कळलं."

ओळंबा सोडून तुम्ही मोजलं होतं तेव्हा एक टायर दुसऱ्यापेक्षा सहा मिलिमीटर बाहेर होता. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड बार आलाय काका, अॅक्सल मधोमध आणायला इथे मात्र ती सोय लागणार. तुमचं कोन मोजायचं मीटर माझ्याकडेच राहिलंय, ते आणि बार दोन्ही घेऊन रविवारी सकाळी येतो. पुठ्ठ्यावर या वेळी मी झोपणार, तुम्ही खुर्चीवर बसून सांगा.

तुमचाच,
शेजारच्या गल्लीतला मस्टँगवाला