आजी, त्या दिवशी तू कात्री दिली नाहीस

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार,

ताडोबाच्या गेटवर तुझे आभार मानायला आले की तू चहाचा कप हातात देतेस आणि म्हणतेस, "जाय, पाहुने वाट पाहून राह्यले." म्हणून लिहून काढते आहे. तुला वाचता येत नाही, नात वाचून दाखवेल. चार लोकांसमोर लिहिते, कारण माझ्यामागून सफारीची जिप्सी चालवायला शिकलेल्या मुली मला सारखं विचारतात, एवढ्या लांब केसांचं उघड्या गाडीत काय करतेस? दर वेळी मी त्यांना तुझ्या टपरीकडे बोट दाखवते.

माझे केस कमरेच्या खाली आहेत. ते मला आवडतात, एवढंच कारण. पण ताडोबात जिप्सी हातात आली, तेव्हा पहिल्याच महिन्यात कळलं की घरी आरशासमोर नीट बसलेला अंबाडा आणि गाडीतला अंबाडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंगलाच्या आत गाडी हळूच चालते, तिथे त्रास धुळीचा. खरी परीक्षा पहाटे गावापासून गेटपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर. त्या दिवशी केसांचा क्लचर निसटला, केस सुटले आणि वळणावर सगळेच्या सगळे डोळ्यांवर आले. समोर कापसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, कुणाला काही लागलं नाही. मागच्या ताईंच्या हातातली दुर्बीण तेवढी खाली पडली. पण माझे पाय गेटवर पोहोचेपर्यंत थरथरत होते. तिथे एकाने सांगितलं, "ड्रायव्हरकी करायची तर बॉयकट कर, नाहीतर चूल सांभाळ." मला त्यातलं पहिलं अर्धं खरं वाटलं.

फेरी संपवून मी तुझ्याकडे आले आणि कात्री मागितली. तू दुधाच्या पिशव्या कापायची कात्री डब्यात टाकलीस, वर झाकण लावलंस आणि म्हणालीस, "हे दुधाची कात्री आहे, केसाची नाई. बस इथं." बाकड्यावर मला पाठमोरी बसवलंस. चहा उकळत होता, तो उतरवून ठेवलास.

आजी, तू कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. पण तुझं वय विचारलं की तू सांगतेस, ताडोबाचा पार्क झाला त्याच्या पुढच्या सालची. पार्क 1955 चा, म्हणजे तू 1956 ची. त्यातली वीस वर्षं तू दर हंगामात गावातल्या बायांसोबत मिरची तोडायला खम्मम, वरंगळकडे जायचीस, तेव्हा तो आंध्र होता. उघड्या मेटॅडोर टेम्पोमध्ये रात्रभर उभं राहून जायचं, येताना पोत्यांवर बसून यायचं. मिरचीचा खकाणा केसांत बसला आणि केस डोळ्यांवर आले की काय होतं, ते तू मला सांगितलंस. असं शिक्षण घेतलेली बाई मला दुसरी कुठे भेटली असती?

मी समजत होते, वारा समोरून येतो, तर केस मागेच उडतील. तू म्हणालीस, "केबिनच्या पाठीले टेकून बसलो का केस तोंडावर येत. पार मांगं बसलो का मांगं उडत." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लक्ष दिलं. मागच्या सीटवर पडलेलं सागाचं वाळकं पान रस्त्यावर वेग घेताच उडालं आणि मागे जायच्या ऐवजी पुढे माझ्या मांडीवर येऊन पडलं. समोरच्या काचेवरून वारा उसळून वर जातो, काचेमागे हवेचा दाब कमी पडतो, आणि ती जागा भरायला मागची हवा पुढे धावत येते. माझी मान नेमकी त्या भोवऱ्यात. तुमच्या मेटॅडोरची केबिन आणि माझ्या जिप्सीची काच, दोघींचं काम एकच. म्हणून केस नुसते मागे बांधून भागत नाही, ते मागून सुटणार नाहीत असे बांधावे लागतात.

तुझ्या हातची ती वेणी मला आता डोळे मिटूनही घालता येते. मधोमध भांग, दोन भाग. कानाच्या खालून सुरुवात, मुळाशी थोडी सैल आणि पुढे घट्ट, कारण मुळाशी आवळली तर दुपारपर्यंत कपाळ ठणकतं. दोन्ही वेण्या दुमडून मानेच्या खळगीत एकमेकींवर आडव्या टाकायच्या आणि परकराच्या सुती नाडीने बांधायच्या. रबर नाही, रबर केस तोडतं. एकच मोठा अंबाडा असला की तो सीटच्या पाठीला टेकतो, मान पुढे ढकलली जाते आणि दर खड्ड्याला गाठ सैल होते. तुझी वेणी चपटी बसते. पहिल्यांदा बांधून झाल्यावर तू माझं डोकं दोन्ही हातांत धरून गदागदा हलवलंस, चारही बाजूंना, आणि काही सुटत नाही हे पाहिल्यावरच चहा परत चुलीवर ठेवलास.

वरून फडकं. दुकानातला नवा स्कार्फ मी आणला होता, तो तू बाजूला ठेवलास आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याचा, धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा फाडून दिलास. खरखरीत कापड केसांवर दिवसभर घासतं, हे मला तेव्हा कळलं. हिरवट रंगाचा तो तुकडा जंगलातही चालतो. गाठ मानेमागे, आणि टोकं शर्टाच्या कॉलरच्या आत. "वाऱ्याले धरासाठी शेपूट ठेवू नको," हे तुझं वाक्य मी नव्या मुलींना जसंच्या तसं सांगते. ओढणी मोटारसायकलच्या चाकात गेल्याचे अपघात आपल्याकडे ऐकायला मिळतातच. पुढे मी वाचलं की इसाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तकी 14 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात अशीच गेली. उघड्या मोटारीत बसली होती, गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंतला. ते वाचलं त्या दिवसापासून मी गाडी सुरू करायच्या आधी कॉलरवरून हात फिरवते. आता शेजारी बसणाऱ्या पाहुण्यांच्या ओढणीची टोकंही मी आत खोचायला लावते, आणि त्यात संकोच करत नाही.

बाकीचं तू फेऱ्यांच्या मधे, ग्लास विसळता विसळता शिकवलंस. ओले केस बांधून निघायचं नाही, ओला केस ताणला की तुटतो. सकाळी चापूनचोपून तेल लावायचं नाही, सगळी धूळ त्याला चिकटते. दोन बोटं खोबरेल फक्त टोकांना आणि कपाळावरच्या बारीक बटांना. डोकंभर तेल सोमवारी रात्री, कारण मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद असतो, तेव्हा शिकेकाईने निवांत धुता येतं. आणि फेरीहून आल्यावर लगेच वरून कंगवा ओढायचा नाही. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, मग मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकापासून गुंता सोडवत वर यायचं. पूर्वी माझ्या कंगव्यात रोज केसांचा पुंजका निघायचा. आता चार-दोन केस येतात.

परवा पहाटे त्याच वळणावर परत ट्रॅक्टर होता. कडाक्याची थंडी, वारा कानात घोंगावत होता. मी वेग कमी केला, बाजूने गाडी काढली आणि पुढे गेले. डोळ्यांसमोर एक केस आला नाही. मागे बसलेल्या पाहुण्यांना काही कळलंही नाही, आणि मला मात्र तुझे हात मानेवर जाणवले.

ते लुगड्याचं फडकं आता काठाशी विरलं आहे. मी त्याला नवी शिवण घातली, टाकवत नाही.

या मंगळवारी टपरी लवकर बंद कर. मी तेल कोमट करून घेऊन येते. तुझे केस किती दिवसांत कुणी विंचरून दिले नाहीत, हे मला त्या बाकड्यावर बसताना विचारायचं राहून गेलं. या वेळी तू पाठमोरी बस.

तुझी,
जिप्सीवाली पोरगी